फ्लाइट रद्द झाली, तर तुमचा ट्रॅव्हल एजंट आधी काय उघडतो?

२०२५ मध्ये पर्यटन व्यवसायाला तीन मोठे धक्के बसले. २२ एप्रिलला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये हल्ला झाला. त्यात २६ जणांचा जीव गेला, त्यापैकी ६ जण महाराष्ट्रातले होते. ऐन उन्हाळी सुट्टीत काश्मीरला गेलेल्या कुटुंबांना तातडीनं घरी परतायचं होतं. ७ मेपासून श्रीनगरसह उत्तर आणि पश्चिम भारतातले विमानतळ बंद होऊ लागले. हा आकडा ३२ वर गेला आणि १२ मे रोजी ते पुन्हा सुरू झाले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली.

टीव्हीवर विमानतळावरच्या रांगा दिसत होत्या. पण अशा दिवशी फोन खणखणतो तो गल्लीतल्या ट्रॅव्हल एजंटचा. आणि त्याला तीनच प्रश्नांची उत्तरं लागतात. आपली कोणती माणसं आज कुठे आहेत? त्यांचं आज रात्रीचं हॉटेल कोणतं? कुणाचे किती पैसे परत मिळणार?

ही उत्तरं पाच मिनिटांत मिळतात की पाच तासांत, हे एजंटच्या ओळखींवर कमी आणि त्याच्या कामाच्या शिस्तीवर जास्त अवलंबून असतं.

एक सहल म्हणजे किती बुकिंग?

समजा, १२ जणांचा ग्रुप ६ रात्रींसाठी काश्मीरला चालला आहे. विमानाची जायची-यायची तिकिटं, श्रीनगरची हाउसबोट, गुलमर्गचं हॉटेल, पहलगामचं हॉटेल, टेम्पो ट्रॅव्हलर आणि गुलमर्गच्या गोंडोलाची तिकिटं. ग्राहकासाठी हे एकच पॅकेज असतं. एजंटसाठी ही सहा वेगळी बुकिंग असतात. प्रत्येकाची रद्द करण्याची अट वेगळी, पैसे भरायची तारीख वेगळी आणि फोन उचलणारा माणूसही वेगळा.

आता अशा २० पार्ट्या एकाच हंगामात असतील, तर सगळं लक्षात ठेवणं कुणालाच शक्य नाही. म्हणून व्यवस्थित चालणाऱ्या ऑफिसात एक साधा नियम असतो: एक पार्टी, एक फाइल. कागदाची असो की गुगल शीटमधली. पहिल्याच पानावर सगळ्यांची नावं, पीएनआर, हॉटेलचे नंबर, घरच्या एका माणसाचा नंबर आणि प्रत्येक बुकिंगची रद्द करायची शेवटची तारीख. ऑफिसात नेहमीचा माणूस नसला, तरी दुसऱ्याला ती फाइल उघडून काम करता आलं पाहिजे. तसं होत नसेल, तर तिचा उपयोग अर्धाच.

तारखा उलट्या का मोजायच्या?

या कामात निघायची तारीख ही शेवटची तारीख असते. कामाच्या तारखा तिच्यापासून मागे मोजाव्या लागतात.

रेल्वेचं उदाहरण घ्या. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. म्हणजे १ मेच्या गाडीचं आरक्षण पूर्वी १ जानेवारीला उघडायचं, आता २ मार्चला उघडतं. तत्काळच्या भरवशावर राहायचं, तर १ जुलै २०२५ पासून अधिकृत एजंटांना पहिली ३० मिनिटं तत्काळ तिकीट काढता येत नाही. २ मार्चची सकाळ चुकली, तर मेच्या सुट्टीत वेटिंग लिस्टशिवाय फारसं काही हाती लागत नाही.

युरोपचं गणित आणखी कडक आहे. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावा लागतो. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा आणि परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध हवा. सिंगापूर आणि दुबईसाठी ६ महिन्यांची वैधता लागते. म्हणून पासपोर्ट बुकिंगच्या दिवशीच बघायचा असतो, निघायच्या आठवड्यात नाही.

त्यात आपल्याकडची नेहमीची गोष्ट म्हणजे नाव. लग्नानंतर आडनाव बदललेलं, आधार कार्डावर नवं नाव आणि पासपोर्टवर माहेरचं. तिकीट आधारवरून काढलं, की परदेशच्या प्रवासात चेक-इन काउंटरवर अडचण ठरलेली.

व्हॉट्सॲप हेच ऑफिस?

लहान एजंटचं निम्मं काम व्हॉट्सॲपवर चालतं. ‘दादा, आईंना खालच्या मजल्यावरची रूम बघा,’ ‘आमची दोन माणसं कमी झाली,’ ‘बाबांना डायबिटीस आहे, जेवण वेळेवर हवं.’ हे मेसेज येतात रात्री ११ वाजता, लग्नाच्या शुभेच्छा आणि गुड मॉर्निंगच्या फोटोंमध्ये.

मेसेज वाचला जातो, ‘हो काकू’ असं उत्तरही जातं. पण तो हॉटेलपर्यंत पोहोचतोच असं नाही. त्यामुळे व्हॉट्सॲपवर बोलायचं, पण नोंद फाइलमध्ये करायची, हा उपाय सगळ्यात स्वस्त आहे. बदल फोनवर सांगितला असेल, तर तो लिहून परत पाठवायचा: ‘१२ ऐवजी १० जण, दोन रूम, एक तळमजल्यावर. बरोबर ना?’ पुढे वाद झालाच, तर हा एक मेसेज दोघांनाही उपयोगी पडतो.

सवलत मिळते, पण चौकटीत

पहलगामनंतर एअर इंडिया आणि इंडिगोने श्रीनगरच्या प्रवासासाठी ३० एप्रिलपर्यंत तारीख बदलण्याचं आणि तिकीट रद्द करण्याचं शुल्क माफ केलं. अशा सवलतीत प्रवासाच्या आणि बुकिंगच्या तारखा ठरलेल्या असतात. कोणती पार्टी त्यात बसते हे शोधण्यातच दोन दिवस गेले, तर मुदत संपू शकते. शिवाय विमान कंपनीने पैसे परत दिले, म्हणून हॉटेल देईलच असं नाही.

एजंटकडून तिकीट काढलं असलं, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची आहे, असं डीजीसीएचा नियम सांगतो. पण पैसे आले त्याच वाटेनं, म्हणजे एजंटच्या खात्यातून, परत येतात. तिथे हिशेब नीट नसेल, तर ग्राहक वाट बघत राहतो.

खरा धोका इथेच आहे. डिसेंबरच्या पार्टीच्या ॲडव्हान्समधून मेच्या पार्टीच्या हॉटेलचं बिल भरलं, की सगळं सुरळीत असेपर्यंत काही कळत नाही. मग एकाच आठवड्यात दहा पार्ट्या रद्द होतात आणि सगळे पैसे मागतात. गो फर्स्टने ३ मे २०२३ पासून उड्डाणं थांबवली, तेव्हा तिकिटांचे पैसे कंपनीकडेच अडकले. अशा वेळी कुणाचे किती पैसे कुठे आहेत हे पार्टीनिहाय लिहिलेलं असेल, तरच एजंट ग्राहकाला खरं उत्तर देऊ शकतो.

मग ग्राहकानं काय विचारायचं?

विमान आणि हॉटेल मोबाइलवरून कुणीही बुक करू शकतं. एजंटला जास्तीचे पैसे द्यायचे, ते ही सगळी जुळणी सांभाळण्यासाठी. त्यामुळे ॲडव्हान्स देण्याआधी चार गोष्टी विचारायला हरकत नाही:

• प्रत्येक बुकिंग रद्द करायची शेवटची तारीख लेखी मिळेल का?
• ॲडव्हान्समधले किती पैसे पुढे कुणाला भरले, त्याची पावती मिळेल का?
• तुमचा फोन लागला नाही, तर ऑफिसमधलं दुसरं कोण आमची फाइल बघेल?
• तिकिटावरचं नाव पासपोर्टवरून टाकलंय की आधारवरून?

उत्तर ‘काळजी करू नका, मी आहे ना’ एवढंच आलं, तर तारखा स्वतः लिहून ठेवलेल्या बऱ्या.