काटकसर कोणाच्या जिवावर?

सरकारी खर्चात कपात करण्याची वेळ आली की राज्यकर्त्यांची कात्री प्रथम कोठे चालते, हे पाहिले म्हणजे त्यांच्या काटकसरीचे वर्गीय स्वरूप उघड होते. ज्यांचे हितसंबंध संघटित आहेत, त्यांच्या सवलतींना हात लावण्याचे धैर्य कोणी दाखवीत नाही. रांगत्या मुलांची मात्र संघटना नसते. त्यांच्या रक्तात शिसे जाऊ नये म्हणून स्थानिक आरोग्यखात्यांना दिला जाणारा पैसा म्हणूनच सहज छाटला जातो. अमेरिकेचा गेल्या दीड दशकाचा अनुभव याची साक्ष देतो.

शिशाने कोवळ्या मेंदूची केलेली हानी औषधाने भरून निघत नाही, आणि शिशाचे निर्धोक असे कोणतेच प्रमाण विज्ञानाला आढळलेले नाही. प्रतिबंध हाच खरा उपाय. अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर १९७८ साली बंदी घातली. पण बंदीने भिंतींवरचा जुना रंग नाहीसा झाला नाही. पडझडीला आलेल्या भाड्याच्या घरांत त्याचे पोपडे आणि धूळ आजही मुलांच्या पोटात जाते. अशा घरांत कोण राहतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. मुलाचे रक्त तपासणे, घरी जाऊन शिसे कोठून येते ते शोधणे, घरमालकाला दुरुस्ती करण्यास भाग पाडणे, ही कामे राजधानीत बसून होत नाहीत. ती स्थानिक आरोग्यखात्यातील परिचारिका आणि निरीक्षक करतात. त्यांच्या पगाराचे अनुदान थांबले की कायदा कागदावर उरतो.

२०१२ साली नेमके हेच घडले. तज्ज्ञांच्या शिफारशीवरून सी.डी.सी. या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेने लक्ष घालण्याजोगी पातळी दर डेसिलिटर रक्तात १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली. म्हणजे मदतीची गरज असलेल्या मुलांची संख्या अधिकृतपणे वाढली. त्याच आर्थिक वर्षासाठी अमेरिकन संसदेने या कार्यक्रमाची तरतूद सुमारे २ कोटी ९० लाख डॉलरवरून सुमारे २० लाख डॉलरवर आणून ठेवली. पुढे ती टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली; परंतु मधल्या वर्षांत रांगणारी मुले तेवढा काळ थांबून राहिली नव्हती.

काटकसरीचा याहून भीषण धडा फ्लिंटने दिला. मिशिगन राज्यातील या गरीब, कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या शहराचा कारभार राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होता. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचविण्यासाठी फ्लिंट नदीचे पाणी शहराला देण्यात येऊ लागले आणि नळ गंजू नयेत म्हणून करावयाची प्रक्रिया टाळण्यात आली. नळांतील शिसे पाण्यात उतरले. नागरिकांच्या तक्रारी झिडकारल्या गेल्या. सप्टेंबर २०१५ मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अतीशा यांनी मुलांच्या रक्ततपासणीचे आकडे जाहीरपणे मांडले, तेव्हा कोठे सरकार हलले. अखेर भरपाईपोटी ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मान्य करावी लागली.

यंत्रणा जिवंत असली की काय साधते, याचेही उदाहरण आहे. २०२३ साली नॉर्थ कॅरोलिनातील आरोग्य कर्मचाऱ्यांनी मुलांच्या रक्तातील शिशाचा माग काढीत दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या गरापर्यंत मजल मारली आणि तो माल देशभरातून परत घेण्यात आला. तरीही १ एप्रिल २०२५ रोजी सी.डी.सी.च्या या कार्यक्रमातील कर्मचाऱ्यांना कामावरून दूर करण्यात आले. त्याच सुमारास मिलवॉकीतील काही शाळा रंगातील शिशामुळे बंद ठेवाव्या लागत होत्या. शहराने मागितलेली तज्ज्ञांची मदत नाकारली गेली. जूनमध्ये अनेकांना परत बोलावण्यात आले, यावरून त्यांना काढण्यामागे कितपत विचार होता ते दिसते.

कपातीचे समर्थक सांगतात की मुलांची काळजी घेणे हे आईबापांचे कर्तव्य आहे. भाडेकरू आईने फरशी दिवसातून दहा वेळा पुसली, तरी मालकाच्या भिंतीवरचा रंग आणि जमिनीखालचा नळ ती बदलू शकत नाही. ज्यावर तिची सत्ता नाही, त्याची जबाबदारी तिच्यावर ढकलणे हा शुद्ध कांगावा आहे.

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देता येणार नाही. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. घरगुती रंगांतील शिशावर २०१७ पासून दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा आली. तरीही युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाच्या अंदाजानुसार भारतातील २७ कोटींहून अधिक मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आहे. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणाऱ्या बेकायदा भट्ट्या श्रमिकांच्या वस्त्यांलगतच पेटतात. नियम आहेत, पण ते वस्तीपर्यंत नेणारा माणूस आणि त्याचा पगार कोठे आहे?

म्हणून कार्यकर्त्यांनी हा प्रश्न महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या अंदाजपत्रकाच्या चर्चेत उपस्थित केला पाहिजे. मुलांच्या रक्ततपासणीसाठी किती तरतूद आहे? भट्ट्यांची आणि रंगांची तपासणी करणारे निरीक्षक किती आहेत? शिसे सापडल्यास ते हटविण्याचा खर्च कोण देणार? या तीन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळेपर्यंत प्रतिनिधींनी खाली बसू नये.