परसांतील पाणथळ कोपरा

कोकणांतील जुन्या घरांच्या परसांत एखादा तरी कोपरा असा असतो कीं, मृगाचा पाऊस स्थिरावला म्हणजे तेथें घोट्याएवढें पाणी सांचतें आणि हस्त संपेपर्यंत तें पुरतें हटत नाहीं. पुढें वैशाखांत तीच माती भेगाळून दगडासारखी होते.

अशा जागेविषयीं घरोघरीं होणारा ठराव बहुधा एकच: मुरुमाचा भराव घालून वर फरशी बसवावी. आमचें मत याच्या स्पष्ट विरुद्ध आहे. भरावानें पाणी नाहींसें होत नाहीं. तें आपली वाट तेवढी बदलतें. कधीं तें घराच्या जोत्याकडे वळतें, कधीं चुलत्याच्या अंगणांत शिरतें, आणि भावकींतले कज्जे याहून लहान कारणांवरून उभे राहिले आहेत. शिवाय जें पाणी सावकाश जिरून विहिरीला आधार देतें, तें गटारांतून निघून जातें तें वेगळेंच.

त्यापेक्षां तेथें साजेशीं झाडें लावावीं. मात्र पपई, शेवगा किंवा गुलाब तेथें जगत नाहींत. मातींतील पोकळ्या पाण्यानें भरल्या म्हणजे त्यांतील हवा निघून जाते आणि मुळें गुदमरतात. पपईचें झाड तर दोन दिवसांच्या सांचलेल्या पाण्यानेंही दगावूं शकतें. उलट कमळासारख्या वनस्पतींना बारमाही पाणी हवें. त्या उन्हाळ्यांत करपतील. चार महिने पाणी व आठ महिने कोरड हीं दोन्ही सोसणारें झाड शोधावयाचें तर जवळच्या ओढ्याच्या कांठीं जाऊन पाहावें. तेथें जें आपोआप वाढतें, तेंच आपल्या कोपऱ्यांत टिकेल.

मोठ्या वृक्षांत अर्जुन, करंज व जांभूळ हे भरंवशाचे. घरापासून व विहिरीपासून ते निदान वीस-पंचवीस हात दूर असावे. जांभळाखालीं वाळवणें घालण्याचा मोह मात्र सोडावा! जागा बेताची असेल तर आम्ही निवर सुचवूं. याच्या लोंबत्या माळांवरील तांबडीं फुलें रात्रीं उमलतात व पहांटे गळून पडतात. तेव्हां खालच्या पाण्यावर जी रांगोळी दिसते ती पाहण्यासाठीं लवकर उठावें.

केवडा अशा जागीं उत्तम येतो. पण एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: याचीं नर व मादी झाडें निरनिराळीं असून सुगंधी कणीस नराचें असतें. म्हणून ज्या झाडाला तसें कणीस आलेलें आपण पाहिलें असेल, त्याचाच फुटवा आणावा. दाट बनांत सापांना आसरा मिळतो, तेव्हां मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून तो लांब ठेवावा.

उतारावर वाळा लावावा. त्याचीं मुळें पांच-सहा फूट सरळ खालीं जातात, मातीला बांधून ठेवतात, आणि माठांतील पाण्याला वास देण्याइतकीं घरांतही मिळतात. मोरीच्या पाण्याची ओल जेथें बाराही महिने असते तेथें अळू व वेखंड. वेखंड बाळगुटींत उगाळण्याची चाल जुनी आहे. परंतु त्यांतील असारोन या द्रव्याविषयीं आज जें कळलें आहे, त्यावरून वैद्यांच्या सल्ल्यावांचून तें मुलांच्या पोटांत जाऊं देऊं नये असेंच आम्ही म्हणूं. कांठाला ब्राह्मी पसरूं द्यावी. आपल्याकडे गोल पानांच्या मंडूकपर्णीलाच सर्रास ब्राह्मी म्हणतात. बारीक, मांसल पानांची नीरब्राह्मी निराळी, आणि उभें पाणी अधिक सोसणारी तीच. गौरीसाठीं तेरडा हवा असेल तर तो कांठाच्याही वर, जेथें ओल असते पण पाणी थांबत नाहीं अशा ठिकाणीं.

जलपर्णी आणि बेशरम मात्र कोणी फुकट दिलीं तरी घेऊं नयेत. दोन्ही अमेरिकेकडून आलेलीं असून एकदां शिरलीं कीं इतरांना जागा ठेवीत नाहींत.

लावणीपूर्वीं एक पावसाळा नुसतें पाहावें. पाणी जेथवर चढतें तेथें खुंट्या ठोकाव्या आणि तें किती दिवस राहतें हें भिंतीवरील पंचांगावर टिपावें. पाऊस थांबल्यावरही आठवडाभर डबकें तसेंच राहत असेल तर त्यांत डांसांची पैदास होते. तेथें उथळ चर खणून पाणी वाहतें करावें. रोपें आषाढांत लावूं नयेत. कोंवळीं मुळें बुडून कुजतात. पाणी ओसरतांच, आश्विनांत, हातभर उंचवटा करून त्यावर लावावीं आणि पहिला उन्हाळा न चुकतां पाणी घालावें. पुढच्या मृगापर्यंत तीं पाण्यावर डोकें ठेवण्याइतकीं वाढलेलीं असतात.