प्रबोधनाचा अतिरेक

शेतीच्या कुठल्याही चर्चासत्रात एक वाक्य ठरलेलं असतं: शेतकऱ्यांत पर्यावरणाची जाणीव नाही, त्यांचं प्रबोधन व्हायला हवं. हे निदानच चुकीचं आहे.

उसाचं पाचट घ्या. तोड झाली की कोल्हापूर-सांगलीकडची रानं पेटतात आणि जमिनीचं खाद्य धुरात जातं. शेतकऱ्याला हे कळत नाही? पाचट ठेवलं तर खोडव्यात ओल टिकते, हे तो तज्ज्ञाआधी सांगेल. पण सरीत पाचट तुंबलं की पाटाचं पाणी पुढे सरकत नाही. त्यात वीज रात्रीच्या पाळीची असेल, तर बॅटरीच्या उजेडात, पायाखाली साप आहे की काय या धास्तीनं, हातानं पाचट उपसत दारं धरावी लागतात. कुट्टी करायची तर यंत्राचं भाडं. काडी जवळपास फुकट.

दुसरा आरोप युरियाच्या हव्यासाचा. २०१० मध्ये स्फुरद-पालाशाची खतं अन्नद्रव्याधारित अनुदानात गेली; युरिया बाहेरच राहिला. आज त्याची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, तर डीएपीची ५० किलोची १,३५० रुपयांना. हा हव्यास दिल्लीनंच लावलेला आहे, आणि माती परीक्षणाचा कागद हातात ठेवून तो सुटणार नाही.

उलट बाजूचे गोडवेही मला मान्य नाहीत. शेतकरी हा काही जन्मजात निसर्गरक्षक नव्हे. शेजाऱ्याची विहीर आटेल म्हणून बोअर न घेणारा विरळाच. हिवरे बाजार या गावात शेतीसाठीच्या बोअरवर बंदी आली ती ग्रामसभेच्या नियमानं, कोणाच्या हृदयपरिवर्तनानं नव्हे.

आणि द्राक्षं? २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाचे अंश सापडले; निर्यातीला जबर फटका बसला. आज निर्यातीचा बागायतदार फवारणीची वही ठेवतो, काढणीपूर्व काळ मोजतो, तोडणीआधी नमुना प्रयोगशाळेत धाडतो. माल परत येण्याची भीती आणि चांगल्या दराची आशा, एवढ्यावर हे घडलं. यात केवळ पैसा दिसतो, असं कोणी नाक मुरडेल. पगारदारानं मुरडू नये.

तेव्हा दिवसा वीज द्या, खतांच्या दरातली ही तफावत मिटवा, राखलेल्या पाचटाला एकरी काही मोबदला द्या. तोवर प्रबोधनाच्या कार्यशाळांचा खर्च कुट्टी यंत्रांच्या भाड्याकडे वळवला तरी चालेल.