वाळवंटात हाक कुणाला मारायची?

ईदनंतरच्या आठवड्यात चिपळूणहून आपाचा फोन आला. सलाम-दुआ होण्याआधीच तिने विषय काढला. "तुझा भाचा पुन्हा त्या रानात निघालाय. मुलंबाळं घेऊन. मामूचं ऐकतो म्हणतात, तर आता मामूने सांगावं."

आमचा भाचा दहा वर्षांपासून ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडला असतो. तिकडे जुलैत ऐन हिवाळा आणि शाळांना सुट्टी. त्या सुट्टीत मारी गावापासून मार्लापर्यंत, ऊडनाडट्टा ट्रॅक या कच्च्या रस्त्याने, सुमारे ६२० किलोमीटर जायचे असा त्याचा बेत होता. बरोबर बायको, दोन मुले आणि दुसऱ्या गाडीत एक मित्र. आपाची भीती उगाच नव्हती. गेल्या वर्षी फ्लिंडर्सच्या डोंगराळ भागात त्याने एक वळण चुकवले आणि गाडी कोरड्या ओढ्याच्या वाळूत रुतली. फोनला रेंज नव्हती. पाच तासांनी एक शेतकरी त्या वाटेने आला म्हणून सुटका झाली. आपाला हे दोन दिवसांनी कळले, आणि तेव्हापासून "रेंज नाही" हे दोन शब्द ऐकले की तिचा जीव घाबरा होतो.

आम्ही भाच्याला "जाऊ नकोस" म्हटले नाही. चाळिशीच्या जवळ आलेल्या माणसाला असे सांगून तो थांबत नाही. फक्त पुढच्या वेळी सांगायचे बंद करतो. आम्ही विचारले, "या वेळी बरोबर काय नेणार आहेस?" तो म्हणाला, "मामू, चांगला फोन आहे, त्यात नकाशा आहे." आम्ही म्हटले, "गेल्या वर्षीही तोच होता ना?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग पुढचे दोन महिने आमचा दर रविवारी मगरिबनंतर एक तास याच विषयावर जाऊ लागला. आम्ही शिकवतो भूगोल, त्यामुळे आमचीही उजळणी झाली. त्यातून जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवतो. आपल्या कित्येक घरांतली मुले परदेशात आहेत आणि सुट्टीत अशा वाटांना जातात.

आधी एक गैरसमज. इमर्जन्सीचा नंबर कुठूनही लागतो असे पुष्कळांना वाटते. ऑस्ट्रेलियात तो ००० आहे, मोबाईलवरून ११२ देखील चालतो. आपल्या कंपनीचा टॉवर नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागतो, हे खरे. पण जिथे कुणाचाच टॉवर नाही तिथे कोणताही नंबर लागत नाही. आणि त्या देशाच्या मधल्या भागात गाव सुटले की टॉवरही सुटतो. शिवाय २०२४ च्या अखेरीस तिथले थ्रीजी नेटवर्क बंद झाले. त्यामुळे काही जुने फोन इमर्जन्सी कॉललाही उपयोगी राहिले नाहीत. घरातला जुना फोन "असू दे बरोबर" म्हणून टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मग घ्यायचे काय? दुकानात गेले की विक्रेता दहा वस्तू पुढे मांडतो. आम्ही भाच्याला वर्गातल्यासारखे तीन प्रश्न लिहून दिले. कुणाशी बोलायचे आहे? तो किती दूर आहे? आणि उत्तर हवे आहे की नुसती हाक पोहोचली तरी पुरे? प्रत्येक यंत्र यांपैकी एखाद्या प्रश्नाचेच चांगले उत्तर देते. सगळ्यांचे उत्तर एकच यंत्र देईल असे समजले की चूक होते.

जवळच्या माणसाशी बोलायचे असेल तर गाडीत बसवायचा यूएचएफ सीबी रेडिओ. त्याचे ८० चॅनल आहेत, ताकद ५ वॅट, आणि वापरायला वेगळा परवाना काढावा लागत नाही. मोकळ्या सपाट जमिनीवर पाच-दहा किलोमीटर, कधी त्याहून थोडे जास्त. मध्ये टेकडी आली की आवाज अडतो. हमरस्त्यावरचे ट्रकवाले ४० नंबरच्या चॅनलवर असतात. तीन-तीन डबे ओढणारी त्यांची रोड ट्रेन धूळ उडवत पुढे चालली असेल, तर ओव्हरटेक करण्याआधी रेडिओवर विचारून घेता येते. चॅनल ५ आणि ३५ फक्त संकटासाठी राखून ठेवलेले आहेत, तिथे गप्पा मारणे हा गुन्हा आहे. दोन गाड्या एकमेकींच्या धुळीत न शिरता अंतर राखून चालवायच्या तर हा रेडिओ हवाच. पण दोनशे किलोमीटरवरच्या माणसासाठी तो मुका आहे.

दूरच्या माणसासाठी पूर्वीपासूनचे साधन म्हणजे एचएफ रेडिओ. त्याच्या लहरी आकाशातल्या थरावरून परतून हजारो किलोमीटर जातात. इथे आमच्यातल्या मास्तराला थोडे थांबावेसे वाटते. १९२८ मध्ये क्लॉनकरी गावातून तिथली उडत्या डॉक्टरांची सेवा सुरू झाली. पण शेकडो मैलांवरच्या मेंढपाळाच्या घरातून डॉक्टरला बोलावणार कसे? तेव्हा आल्फ्रेड ट्रेगर या माणसाने सायकलसारखे पॅडल मारून वीज तयार करणारा रेडिओ बनवला. पुढे याच रेडिओवर १९५१ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जला 'स्कूल ऑफ द एअर' सुरू झाली. बाई एका खोलीत आणि वर्ग शेकडो मैलांत विखुरलेला. आजही एचएफ वापरणारे प्रवासी आहेत. त्यांची व्हीकेएस-७३७ नावाची संस्था रोज ठरलेल्या वेळी हाका घेते आणि कोण कुठे आहे ते नोंदवते. परंतु संच महाग, अँटेना मोठी, आणि वापर शिकावा लागतो. सहा दिवसांच्या सहलीसाठी भाच्याने तो विचार सोडला, आणि आम्हालाही ते पटले.

मग सॅटेलाईट फोन. सरळ बोलता येते, डॉक्टरला प्रश्न विचारता येतो, आणि थोड्या दिवसांसाठी भाड्यानेही मिळतो. पण कोणत्या उपग्रहांवर चालतो हे विचारायलाच हवे. इरिडियमचे ६६ उपग्रह पृथ्वीजवळून फिरत असतात. काही कंपन्यांचे उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर एकाच जागी दिसतात, तिकडे अँटेना नीट वळवावी लागते. एप्रिल २०२४ मध्ये थुरायाचा एक उपग्रह बिघडला आणि ऑस्ट्रेलियासकट मोठ्या भागातली सेवाच गेली. लोकांच्या हातात चांगले फोन होते, वर ऐकणारे कुणी नव्हते. म्हणून सेकंडहँड, स्वस्तात मिळतो म्हणून फोन उचलू नये.

केवळ हाक पोहोचली तरी पुरे, अशा वेळेसाठी पीएलबी. मुठीएवढे पिवळे यंत्र, साधारण ३०० ते ४०० डॉलर, महिन्याचे भाडे काही नाही. जीवावर बेतले की अँटेना उघडून मोकळ्या आकाशाखाली बटण दाबायचे. ४०६ मेगाहर्ट्झवर संकेत उपग्रहांकडे जातो आणि तिथून कॅनबेरातल्या बचाव केंद्राकडे. किमान २४ तास ते हाक देत राहते. पण ते बोलत नाही. "साप चावला" की "गाडी उलटली", काहीच सांगू शकत नाही. म्हणून त्याची नोंदणी हाच त्याचा खरा आवाज. तिथल्या सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे, एएमएसएकडे, ती फुकट होते. गाडीचा रंग, नंबर, वाट, माणसे किती, हे सगळे तिथे भरता येते. संकेत आला की केंद्र आधी नोंदवलेल्या नातेवाइकांना फोन करते.

आम्ही विचारले, "तू कुणाचा नंबर दिलास?" भाचा म्हणाला, "अम्मीचा."

आम्ही क्षणभर गप्प झालो. चिपळूणला रात्री दोन वाजता कॅनबेराहून इंग्रजीत फोन आला असता, तर आपाने काय सांगितले असते? भीतीने फोन खाली ठेवला असता. आईचे नाव देणे हे प्रेम आहे, पण तिथे प्रेमापेक्षा माहिती हवी. त्याने त्याच रात्री दोन नावे बदलली. एक अ‍ॅडलेडमधला शेजारी, आणि दुसरा तिथलाच एक सहकारी. दोघांच्याही हाती प्रवासाचा कागद. यंत्राला लागलेल्या पैशांपेक्षा ही पाच मिनिटे मोलाची होती, असे आम्हाला वाटते.

पीएलबी आणि फोन यांच्या मधली वस्तू म्हणजे सॅटेलाईट मेसेंजर. गार्मिनचे इनरीच, झोलिओ, स्पॉट ही त्यातली नावे. दोन्ही बाजूंनी छोटे संदेश जातात-येतात, आपली जागा घरच्यांना नकाशावर दिसते, संकटाचे बटणही असते. भाडे मात्र भरत राहावे लागते, आणि बॅटरी रोज चार्ज करावी लागते. आता आयफोन १४ आणि पुढच्या फोनांतही तिथे उपग्रहावरून संकटाचा संदेश पाठवता येतो. सोय चांगली आहे, पण ज्या फोनवर मुले दिवसभर गाडीत कार्टून पाहतात त्याच फोनवर जीव टांगून ठेवू नये.

आता वाटेचे. फोनमधले जीपीएस सिम नसतानाही चालते, पण नकाशा आधी उतरवून घेतलेला नसेल तर कोऱ्या पडद्यावर एक निळा ठिपका दिसतो, एवढेच. आणि नकाशाही चुकतो. डिसेंबर २०१२ मध्ये व्हिक्टोरियाच्या पोलिसांनी लोकांना जाहीर इशारा दिला होता, कारण अ‍ॅपलच्या नकाशाने मिल्ड्युरा हे शहर त्याच्या खऱ्या जागेपासून सुमारे ७० किलोमीटरवर, एका निर्जल अभयारण्याच्या मधोमध दाखवले होते. लोक तिथे जाऊन अडकले. म्हणून कागदी नकाशा हवाच. तो पडला तरी फुटत नाही आणि चार्ज करावा लागत नाही. होकायंत्र न्यायचे तर तिथलेच विकत घ्यावे. आपल्याकडचे नेले तर त्याची सुई तिथे एका बाजूला झुकून अडखळते, कारण पृथ्वीचे चुंबकत्व तिथे सुईला वेगळ्या कोनात ओढते. ध्रुवतारा तिथे दिसत नाही, आणि जुलैत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. मुलांना हे आधी सांगून ठेवावे. किब्ला मात्र तिथूनही पश्चिमेकडे, जरासा उत्तरेला कलून, म्हणजे आपल्या घरच्या सवयीच्या जवळपासच.

पाण्याबद्दल आपाने एकच सांगितले, आणि ते आम्हालाही सुचले नव्हते. "गाडी अडकली आणि पाणी मोजके राहिले तर वजूला ओतू नका, तयम्मुम करा. माती तिथे कमी नाही." आणि गाडी सोडून चालत निघायचे नाही, हा तिथला पहिला नियम. वरून शोधणाऱ्याला माणूस दिसत नाही, गाडी दिसते.

ज्या वाटेने भाचा जाणार होता ती जुन्या रेल्वेच्या आणि अ‍ॅडलेड ते डार्विन या तारेच्या कडेने जाते. ही तार १८७२ मध्ये पुरी झाली, सुमारे ३,२०० किलोमीटर. तिचे सामान वाहणाऱ्यांत उंटवाले होते. ते अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब इथून गेले होते, बहुतेक आपल्याच दीनचे. मारीत त्यांनी बांधलेल्या छोट्या मशिदीची प्रतिकृती आज उभी आहे. त्यांना ना बटण होते ना उपग्रह. पण पाण्याची जागा, उंटाची ताकद आणि पुढच्या मुक्कामाला कोण वाट पाहतो आहे, हे माहीत असल्याशिवाय ते निघत नसत. तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणे नव्हे, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

शेवटी ठरले ते असे. दोन्ही गाड्यांत यूएचएफ, एक पीएलबी, एक मेसेंजर, उतरवलेला नकाशा आणि कागदी नकाशा. सॅटेलाईट फोन नाही. आणि एक लेखी करार. रोज तिथल्या संध्याकाळी सात वाजता, म्हणजे आपल्याकडच्या दुपारी तीनला, आपाला एक संदेश. एक संदेश चुकला तर घाबरायचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत, आपल्या घड्याळाने, काहीच आले नाही तर आपाने अ‍ॅडलेडच्या शेजाऱ्याला कळवायचे, आणि पोलिसांना फोन त्याने करायचा. चिपळूणहून ००० लागत नाही.

चौथ्या दिवशी तीन वाजले, चार वाजले, संदेश नाही. आपाचा फोन आला. आम्ही म्हटले, "कागद काढ. काय लिहिलंय?" ती म्हणाली, "सकाळी दहा." रात्र कशी गेली ते तिलाच ठाऊक. सकाळी साडेआठला संदेश आला: सगळे खैरियत. यंत्र रात्रभर गाडीत पत्र्याखाली राहिले होते, आकाश दिसल्याशिवाय संदेश जात नाही. अल्हम्दुलिल्लाह. तो कागद नसता तर त्या रात्री दोन देशांत किती फोन फिरले असते!

एक सूचना राहिली. डिसेंबरात भाचा गावी येईल. मेसेंजर अ‍ॅडलेडलाच ठेवून ये, असे आम्ही त्याला बजावले आहे. आपल्या देशात सॅटेलाईट फोन आणि तसली यंत्रे सरकारी परवानगीशिवाय आणता येत नाहीत, आणि विमानतळावर प्रवाशांना त्यासाठी अटकही झाली आहे. ज्यांची मुले परदेशातून येणार आहेत त्यांनी हे आजच कळवावे.

आणि ज्यांची मुले लांबच्या वाटेला निघाली आहेत त्यांनी "कुठे जातोस" एवढेच विचारू नये. "किती वाजेपर्यंत वाट पाहू आणि मग कुणाला फोन करू" हेही विचारून, लिहून, फ्रिजला लावून ठेवावे. याला एक पैसाही लागत नाही.