'पडीक' नावाचा खोटा शिक्का

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर 'पोटखराब' अशी एक नोंद असते. जिथे नांगर चालत नाही ती जमीन लागवडीस अयोग्य, म्हणून ती खराब. महसुलाचा हिशेब ठेवणाऱ्याला हा शब्द सोयीचा असेल. त्याच्यावर आमचा रोष नाही. हिशेबाचा हा शब्द आपण सर्वांनी सृष्टीचा निवाडा म्हणून स्वीकारला, ही आमची तक्रार आहे. कोकणातला कातळाचा सडा पडीक, खाडीकाठचे खाजण पडीक! आणि एकदा पडीक ठरले की तिथे कोणीही यावे, चिरेखाण काढावी, भराव टाकावा, किंवा पुण्यकर्म म्हणून दिसेल त्या रोपांची रांग लावावी. आमचे म्हणणे स्पष्ट आहे: या जागांवर त्या जागांसाठीच घडलेली वनस्पतिसृष्टी नांदत आहे, आणि तिला न ओळखता केलेले वृक्षारोपणसुद्धा विध्वंसच ठरू शकते.

प्रथम सड्याचा विचार करू. जांभ्या दगडाच्या या विस्तीर्ण पठारांवर माती अगदी पातळ, काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही. पावसाळ्याचे चार महिने तिथे पाणी साचते आणि उरलेले आठ महिने कातळ तव्यासारखा तापतो. अशा ठिकाणी मोठा वृक्ष उभा राहत नाही, म्हणून आपण त्याला उजाड म्हणतो. पण तिथे काय जगते ते पाहा. दीपकाडी आपले सारे जीवन एका कंदात साठवून जमिनीखाली उन्हाळा काढते आणि पाऊस पडताच पांढऱ्या फुलांचे दांडे उभारते. ही वनस्पती कोकण आणि गोव्याच्या पट्ट्याबाहेर आढळत नाही. सड्यावरच्या मातीत नत्र फार कमी; म्हणून दवबिंदू ही इवलीशी वनस्पती पानांवरच्या चिकट केसांनी किडे पकडून ती उणीव भरून काढते. 'सीतेची आसवे' या सुंदर नावाची निळी-जांभळी फुले ज्या रोपांना येतात, ती रोपे ओल्या मातीतले सूक्ष्म जीव बारीक पिशव्यांत अडकवतात. गेंदाची पांढरी बोंडे, तेरडा, तऱ्हेतऱ्हेचे गवत हे सारे चार महिन्यांत उगवते, फुलते, बी धरते आणि निजते. साताऱ्याजवळचे कास पठार 2012 साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हा आपण अभिमानाने छायाचित्रे काढायला धावलो. आपल्या गावामागचा सडा मात्र आपल्याला अजून ओसाडच दिसतो.

आणि याच सड्यावर 'हिरवेगार करू या' म्हणून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली. ती वाढते झपाट्याने, गुरे तिला खात नाहीत, आणि सरकारी अहवालात जगलेल्या रोपांचा आकडा छान दिसतो. पण तिच्या सावलीत आणि सावकाश कुजणाऱ्या पाल्याच्या थराखाली उन्हावर जगणाऱ्या दीपकाडीला आणि दवबिंदूला जागा उरत नाही. बाहेरून हिरवे दिसले, आतून रिकामे झाले.

दुसरे उदाहरण आपल्या उंबरठ्यावरचे. वसई-उत्तनपासून गोव्यापर्यंत आपल्यापैकी अनेकांची घरे खाडीच्या शेजारी आहेत. तिथल्या चिखलात दिवसातून दोनदा भरती येते, मातीत हवा नाही, पाणी खारट. इतर कोणतेही झाड तिथे चार दिवसांत मान टाकील. पण तिवर चिखलातून पेन्सिलीसारखी मुळे वर काढते आणि त्यांतून श्वास घेते. अंगात गेलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते, ते पानावर जीभ लावली तरी कळते. कांदळाचे बी तर आईच्या अंगावरच रुजते आणि लांब शेंगेसारखे रोप होऊन खाली पडते, म्हणजे भरतीने वाहून जाण्याआधी चिखलात पाय रोवण्याची त्याची तयारी झालेली असते. पांढरी चिप्पी हे 2020 साली महाराष्ट्राचे राज्य कांदळवन वृक्ष ठरले. याच मुळांच्या आडोशाला कोळंबी, चिंबोऱ्या आणि मासळीची पिले वाढतात. कोळ्याच्या जाळ्यात जे येते, त्याचे पाळणाघर हे आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली कांदळवन तोडण्यास आणि त्यावर भराव टाकण्यास मनाई केली आणि 2018 च्या निकालात कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरच घाला असल्याचे सांगितले. तरीही रात्री राडारोड्याचे ट्रक रिकामे होतातच. 2018 च्या जुलैत वसई-विरारमध्ये पाणी दिवसचे दिवस साचून राहिले. कारणे अनेक होती. पाणी सामावून घेणाऱ्या जागा बुजविल्या जाणे हे त्यांतले एक, हे मान्य करायला कोणाला संकोच वाटू नये.

यावर दोन आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. पहिला असा की, झाड ते झाड. कोणतेही लावले तरी काय बिघडते? रुग्णाला 'औषध ते औषध' म्हणून हाताला येईल ती बाटली पाजणाऱ्याला आपण काय म्हणू? दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: देशी-परदेशी हा भेद तुम्ही कशाला करता? मिरची, काजू, पेरू हेही बाहेरचेच ना? होय, आणि आम्ही ते आनंदाने खातो. ज्या समाजाला आपल्याच मातीत अधूनमधून 'परके' म्हणून ऐकून घ्यावे लागते, त्याने झाडांच्या कुळाचा अहंकार मिरवू नये, हे आम्हांला पुरते कळते. आमची कसोटी कुळाची नाही, शेजारधर्माची आहे. परसातला पेरू कोणाला हुसकावून लावीत नाही. सड्यावरची ऑस्ट्रेलियन बाभूळ लावते.

पोप फ्रान्सिस यांच्या 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकाचा 39 वा परिच्छेद आपण किती जणांनी वाचला आहे? नैसर्गिक वनांच्या जागी एकाच जातीच्या झाडांची लागवड केल्याने होणारी हानी, पाणथळ जागांचा ऱ्हास आणि किनाऱ्यावरील कांदळवनांचा नाश या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र मांडल्या आहेत. रानातल्या फुलांचे वैभव शलमोन राजापेक्षा थोर मानणाऱ्या गुरूचे आपण अनुयायी. त्या फुलांना उखडून तिथे शोभेची रोपे लावणे आपल्याला शोभत नाही.

म्हणून धर्मग्रामातल्या प्रत्येक कुटुंबाकडे आणि मंडळाकडे आमचे मागणे आहे. येत्या पावसाळ्यात खड्डा खणण्यापूर्वी गावातल्या एखाद्या वृद्धाला विचारा की या जागी पूर्वी काय उगवत असे. रस्त्याकडेला आणि आवारात करंज, उंडी, बकुळ, भोकर लावा. खाजणात घराचा राडारोडा टाकू नका आणि टाकणाऱ्या कंत्राटदाराला काम देऊ नका. सड्यावर काहीही लावू नका. त्याला त्याचे गवत आणि त्याची फुले पुरेशी आहेत. आणि ग्रामसभेत कोणी 'ती जागा तर पडीकच आहे' असे म्हणाले, तर तिथे उठून उभे राहा आणि त्या जागेत काय जगते, ते नावानिशी सांगा.