उद्याचे एकच चित्र पुरेसे नाही

कर्जाचा प्रस्ताव हाती आला की शाखेतील अनुभवी अधिकारी केवळ अपेक्षित विक्रीचा आकडा पाहून समाधान मानत नाही. विक्री घटली तर, कच्चा माल महागला तर, पावसाने दगा दिला तर हप्ता फिटेल का, हे तो तपासतो. नद्या, जंगले आणि धरणे यांविषयी निर्णय घेताना मात्र ही साधी सावधगिरी क्वचितच दिसते.

जबलपूरजवळचे बर्गी धरण याची साक्ष देते. नर्मदेवरील मोठ्या धरणांच्या मालिकेत सर्वप्रथम पूर्णत्वास गेलेले हे धरण. १९९० मध्ये त्याचा जलाशय भरला. १०१ गावे बुडतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात १६२ गावांना झळ पोचली. विस्थापितांसाठी नेमून दिलेल्या काही जागाही पाण्याखाली गेल्या. अंदाज कोणाचाही चुकू शकतो. परंतु तो चुकल्यास काय करावयाचे, याची तजवीज नसणे हा नियोजनाचा दोष होय. त्याची किंमत आकडे मांडणाऱ्याने नव्हे, तर नदीकाठच्या शेतकऱ्याने मोजली.

अशी तजवीज करण्याची एक पद्धत आहे. तीत भविष्यकथन नसते. भविष्याची परस्परांहून भिन्न, पण शक्य कोटीतील तीन-चार चित्रे शेजारी शेजारी मांडली जातात. शेल या तेल कंपनीत तेलाचे भाव भडकण्याची शक्यता अशाच रीतीने १९७३ पूर्वी मांडली गेली होती. २००५ च्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनानेही जगाची चार संभाव्य चित्रे रेखाटली. मध्यवर्ती बँकांचे जे जागतिक जाळे हवामानविषयक चित्रे तयार करते, त्यात आपली रिझर्व्ह बँक एप्रिल २०२१ मध्ये सामील झाली.

नर्मदेला आज या पद्धतीची विशेष गरज आहे. १९७९ च्या लवादाने २८ दशलक्ष एकर-फूट पाणी गृहीत धरून मध्य प्रदेशाला १८.२५ आणि महाराष्ट्राला ०.२५ असा वाटा दिला. या वाटपाचा फेरविचार करण्यास ४५ वर्षांनंतर मुभा होती. ती मुदत डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाली. पाऊस कमी झाला तर? थोड्या दिवसांत धो-धो कोसळला तर? शहरांची तहान वाढली, वरच्या खोऱ्यातील जंगल विरळ झाले तर? यांपैकी प्रत्येक चित्रात जो निर्णय तग धरील, तोच घ्यावा.

इतक्या शक्यता मांडत बसल्यास कामे रखडतील, असा आक्षेप घेतला जातो. तथापि चार चित्रे रेखाटण्यास लागणारा वेळ, बुडालेले गाव पुन्हा वसविण्यास लागणाऱ्या वेळापुढे नगण्य आहे. मात्र ती केवळ कार्यालयात बसून रेखाटू नयेत. पूर कोठवर चढतो हे ठाऊक असलेला नावाडी, मच्छीमार आणि शेतकरी त्या बैठकीत असावा. कारण या कर्जाचा खरा जामीनदार तोच असतो.