पडद्यावरचे झाड

वर्गात प्रोजेक्टर आला म्हणजे अध्यापन आधुनिक झाले, अशी समजूत आपल्या महाविद्यालयांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चांगलीच रुजली आहे. तिच्याविषयी शंका घेणारा अध्यापक एकतर जुनाट ठरतो, नाहीतर आळशी. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक, एम.ए.च्या वर्गांना साहित्य आणि भाषाविज्ञान शिकवतो. संगणकाशी आमचे वैर नाही. उलट, आमच्या विभागात स्लाइड्स तयार करण्याचा उत्साह प्रथम आम्हीच दाखवला होता. तेव्हा त्या उत्साहाचा हिशेब मांडण्याची जबाबदारीही आमचीच आहे.

सुरुवात एका फसलेल्या तासापासून करतो. बालकवींची ‘औदुंबर’ ही अवघ्या आठ ओळींची कविता. ती शिकवताना आम्ही पडद्यावर एक सुंदर छायाचित्र लावले होते : पाण्याच्या काठी उंबराचे झाड, मागे हिरवी टेकडी. वर्ग खूष होता. वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थी होता. त्याने विचारले, “सर, पडद्यावर काय आहे?” आम्ही वर्णन केले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले, “ते झाड बसलेलं आहे की उभं?” आम्ही पडद्याकडे पाहिले. झाड उभे होते. सगळी झाडे असतात तसेच. कवीने मात्र त्या झाडाला माणसाची बैठक दिली आहे, आणि सारी कविता त्या बैठकीकडे चालत आलेली आहे. जे कवितेत घडते ते छायाचित्रात नव्हतेच. ज्याला छायाचित्र दिसत नव्हते, त्याला कविता दिसली होती. आणि ज्यांना छायाचित्र दिसत होते, त्यांच्या डोळ्यांपुढून आम्हीच ती हलवली होती.

या प्रसंगावरून ‘चित्रे वर्गाबाहेर काढा’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. चित्रातून शिकवण्याची परंपरा संगणकाहून कितीतरी जुनी आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे मुलांसाठीचे सचित्र पाठ्यपुस्तक 1658 साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्रीने गौरवण्यात आले. चित्रकथीत चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो आणि गात, बोलत कथा पुढे नेतो. कथा त्याच्या कंठात असते. चित्र प्रसंग उभा करते, आणि त्या प्रसंगाला काळ, संवाद, करुणा ही सारी आवाजातून मिळते. चित्रे दाखवून कथेकरी गप्प राहिला किंवा चित्रावर कथा लिहून तीच वाचू लागला, तर त्या खेळाला कोण बसेल? आपण मात्र आपल्या वर्गांत नेमके हेच करू लागलो आहोत. स्लाइडवर सात मुद्दे लिहायचे आणि विद्यार्थ्यांकडे पाठ करून तेच वाचायचे, याला अध्यापन म्हणण्याची सवय आपल्याला लागली आहे.

मग दृक्-साधने कोठे खरोखर उपयोगी पडतात? आमच्या विषयापुरती तीन उदाहरणे देतो.

पहिले मोडी लिपीचे. छापील तक्त्यावरून मोडी शिकणारा विद्यार्थी अक्षरे ओळखू लागतो, पण प्रत्यक्ष कागद समोर आला की अडखळतो. कारण मोडी ही हाताच्या गतीची लिपी आहे. आधी ओळभर शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग लेखणी शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफत जायचे, अशी तिची रीत. एका अक्षराचा शेवट पुढच्या अक्षराची सुरुवात कशी होतो, हे स्थिर तक्ता सांगू शकत नाही. संगणकावर रेघ उमटत जाताना दाखवली, हवी तेव्हा थांबवली, पुन्हा मागे नेली, की तक्त्यावरून न उलगडणारी गोष्ट दहा मिनिटांत उलगडते. 2014 साली मोडीचा युनिकोडमध्ये समावेश झाल्यामुळे तिचे पाठ संगणकावर तयार करण्याचा पायाही घातला गेला आहे.

दुसरे उदाहरण उच्चाराचे. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च हे दोन वेगळे ध्वनी आहेत. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य, यांतले ज वेगळे आहेत. देवनागरी हा भेद दाखवत नाही, त्यामुळे पुष्कळ विद्यार्थ्यांना तो आपण रोज करतो याचीच जाणीव नसते. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील बोर्स्मा आणि वेनिंक यांनी विकसित केलेली ‘प्राट’ ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. तिच्यात विद्यार्थ्याने स्वतःच्या आवाजात हे शब्द ध्वनिमुद्रित केले, की ध्वनीचा आलेख पडद्यावर उमटतो. दंततालव्य च उच्चारताना घर्षणाचा गडद पट्टा तालव्य च-पेक्षा वरच्या कंप्रतेकडे सरकलेला स्पष्ट दिसतो. येथे पडदा शोभेसाठी नाही. जे कानाला निसटते ते तो डोळ्यांना सापडवून देतो. आमच्या त्या दृष्टिहीन विद्यार्थ्याला हा भेद ओळखायला आलेखाची गरज पडली नाही, हेही नमूद करायला हवे.

तिसरे नाटकाचे. ‘घाशीराम कोतवाल’ (1972) पुस्तकातून वाचणाऱ्याला बारा ब्राह्मणांची ती मानवी भिंत म्हणजे एक रंगसूचना वाटते. पडद्यावर बारा ठिपके घेऊन ती भिंत जुळताना, फुटताना, प्रसंग झाकताना आणि उघडा करताना दाखवली, की सत्ता काय लपवते आणि केव्हा दाखवते हा नाटकाचा प्रश्नच रंगमंचावर हालचाल कसा होतो, ते कळते. त्यासाठी महागड्या त्रिमितीय चित्रणाची गरज नाही. बारा ठिपके पुरतात.

या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. लेखणीची गती, ध्वनीचा आकार, रंगमंचावरची हालचाल या गोष्टी मुळातच पाहण्याच्या आहेत, किंवा पाहिल्याने नेमक्या कळणाऱ्या आहेत. कवितेतील प्रतिमेचे तसे नाही. ती वाचकाने आपल्या मनात घडवायची असते. आपण तयार चित्र हाती दिले की ते घडवण्याचे काम त्याच्याकडून काढून घेतो. तीस विद्यार्थ्यांच्या मनात तीस झाडे उगवू शकली असती. आम्ही त्यांना एकच दिले, आणि तेही इंटरनेटवरून उतरवलेले.

मानसशास्त्रातील संशोधनही या अनुभवाशी जुळते. रिचर्ड मेयर यांनी ‘मल्टिमीडिया लर्निंग’ (2001) या ग्रंथात प्रयोगांच्या आधारे दाखवले आहे, की शब्दांना समर्पक चित्राची जोड मिळाली तर आकलन वाढते. पण विषयाला अनावश्यक अशी रंजक सामग्री घातली तर ते घटते, आणि चित्रासोबत निवेदन चालू असताना तेच शब्द पडद्यावरही लिहिले तर त्याचाही अडथळाच होतो. मुद्द्यांच्या स्लाइड्सवर एडवर्ड टफ्टी यांनी 2003 साली कठोर टीका केली. त्याच वर्षी ‘कोलंबिया’ यान कोसळून कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मरण पावले, आणि चौकशी मंडळाने आपल्या अहवालात एका स्लाइडची दखल घेतली. फेसाच्या आघाताविषयीची महत्त्वाची माहिती त्या स्लाइडवर खालच्या उपमुद्द्यांत दबून गेली होती. स्लाइडमुळे यान कोसळले असे कोणी म्हणत नाही. परंतु विचाराचे तुकडे पाडून ते एकाखाली एक रचले, की त्यांतील कार्यकारणाचा धागा हरवतो, हे त्या उदाहरणावरून पटावे.

हा धागा हरवलेला आम्ही उत्तरपत्रिकांत दरवर्षी पाहतो. ‘कवितेची वैशिष्ट्ये : 1) निसर्गचित्रण 2) मानवीकरण 3) चित्रमयता.’ पुढे काही नाही. या विद्यार्थ्यांना आम्ही नावे ठेवीत नाही, कारण ते उत्तर आमच्याच स्लाइडचे आहे. त्यांनी मोबाइलवर तिचे छायाचित्र काढले आणि आम्हांला ते जसेच्या तसे परत केले. एम.ए. झालेला विद्यार्थी उद्या शाळेत शिक्षक होईल आणि सलग दोन परिच्छेद लिहू शकणार नाही. ही चिंता आम्हांला प्रोजेक्टरच्या बिघाडापेक्षा मोठी वाटते.

यावर आक्षेप येईल, की आजचा विद्यार्थी पडद्यावरच वाढला आहे, त्याचे लक्ष अन्यथा टिकणार कसे? आक्षेपात तथ्य आहे. पण ज्याचा सारा दिवस पडद्यावर जातो, त्याला पडद्याविना एका कवितेपाशी वीस मिनिटे थांबण्याची सवय कोठे लागणार? घरी आणि रस्त्यात ती लागण्याची शक्यता कमीच. दुसरा आक्षेप प्रशासनाचा. मूल्यांकनाच्या अहवालात ‘तंत्रज्ञानाचा वापर’ दाखवावा लागतो, म्हणून किती तासांना प्रोजेक्टर लावला याची नोंद मागितली जाते. ती नोंद आम्हीही करतो. मात्र कशासाठी लावला, हा रकाना कोणत्याही तक्त्यात आजवर आम्ही पाहिलेला नाही.

आम्ही आमच्यापुरता एक नियम केला आहे. प्रत्येक स्लाइड त्या विद्यार्थ्याला शब्दांत कशी सांगता येईल, ते आधी लिहून काढायचे. एका वाक्यात पूर्ण सांगता आली, तर स्लाइड काढून टाकायची आणि वाक्य बोलायचे. सांगताना शब्द कमी पडले आणि दाखवणे अपरिहार्य ठरले, तर ती ठेवायची आणि सोबत ते वर्णनही वर्गात मोठ्याने सांगायचे. पहिल्याच सत्रात आमच्या निम्म्याहून अधिक स्लाइड्स गळाल्या. मोडीची, उच्चारांची आणि त्या बारा ठिपक्यांची राहिली. ‘औदुंबर’च्या तासाला आता आम्ही प्रोजेक्टर बंद ठेवतो, कविता दोनदा सावकाश वाचतो, आणि ते झाड कसे बसले आहे हे ज्याने त्याने सांगावे अशी विनंती करतो. पहिली काही मिनिटे कोणी बोलत नाही. तेवढी शांतता सहन करायला आम्ही शिकत आहोत.